अक्काचा संशय आणि आमचं पेव

निजामाच्या मुलखात खुफिया पोलीस पुष्कळ होते, पण माझ्या थोरल्या बहिणीइतका संशय घेणारं माणूस हैदराबादेपासून औरंगाबादेपर्यंत दुसरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पोलिसांना संशय घ्यायला निदान काहीतरी कारण लागायचं, वरून हुकूम लागायचा. अक्काला दोन्ही लागत नसे. गवळी दूध घेऊन आला की ती आधी त्यालाच वाटीभर प्यायला लावायची आणि तो प्यायला की त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. तो दगावला नाही, चक्कर येऊन पडला नाही, की मग दूध आत जायचं. पुढे पुढे तो गवळी सकाळची न्याहारी न करताच आमच्या घरी यायला लागला. शिंप्याकडे कापड टाकलं तर अक्का त्याच्या ओट्यावर ठाण मांडायची, बेतून उरलेल्या चिंध्या ओच्यात बांधून आणायची आणि घरी जमिनीवर त्या चिंध्या नि शिवलेली चोळी जुळवून मूळ कापड पुरं भरतं का ते बघायची. चारठाण्याच्या जुन्या देवळात दर्शनाला गेली तर वहाणा बाहेर न ठेवता पिशवीत घालून गाभाऱ्यापर्यंत न्यायची. पुजाऱ्याने एकदा हटकलं. ती त्याच्याशी बोललीच नाही. पिंडीकडे हात जोडून म्हणाली, "तुझ्यावर न्हाई रे महादेवा. तुझ्या दारात बसायलेत त्यांच्यावर."

आमचं गाव चारठाण्याजवळ. घर लिंगायत वाण्याचं, पुढे दुकान, मागे आखाडा म्हणजे कुंपण घातलेलं मोकळं आवार, आणि गावाबाहेर थोडी काळी जमीन. मी रांगत असतानाच आई गेली. अक्का तेव्हा स्वतःच परकर नेसायच्या वयाची होती, पण तिने मला कडेवर घेतलं ते मला चांगल्या मिशा फुटेपर्यंत खाली ठेवलं नाही असं अप्पा म्हणायचे. अप्पा म्हणजे आमचे वडील. ते दुकानात बसायचे, अक्का घर चालवायची आणि मी तिच्या पदराला धरून तिच्या सगळ्या चौकश्या ऐकायचो. संशय कसा घ्यायचा हे मला तिने अक्षरं शिकण्याच्या आधी शिकवलं. कोणी गोड बोललं तर त्याच्या हाताकडे बघायचं. कोणी हात दाखवला तर पायाकडे बघायचं. मी शाळेत जायला लागलो तेव्हा शिक्षण उर्दूत होतं. अक्काने माझी पाटी उजेडात धरून बघितली, मास्तर उजव्या बाजूने लिहायला सुरुवात करतात हे कळल्यावर गंभीर झाली आणि अप्पांना म्हणाली, "उजवीकडून लिहित्यात म्हणजे डावीकडं काहीतरी लपवायलेत. पोराला एवढ्या लवकर घालू नका." अप्पा हसले. अक्का मात्र दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीखाली बसून राहिली आणि मास्तरांनी दिवसभरात काही लपवलं नाही याची खात्री झाल्यावरच उठली.

या सगळ्या संशयातून जगात एकच माणूस सुटलेला होता, तो मी. फडताळातला गूळ कमी व्हायला लागला तेव्हा तिने फडताळासमोर ज्वारीचं पीठ भुरभुरून ठेवलं. सकाळी त्या पिठात माझी पावलं स्पष्ट उमटलेली होती, बोटंसुद्धा मोजता यावीत अशी. अक्काने ती पावलं बघितली, माझ्याकडे बघितलं, केरसुणीने पीठ झाडून टाकलं आणि शेजारच्या मांजरीवर पाळत ठेवली. त्या मांजरीला पुढे आमच्या अंगणातून जायची सोय उरली नाही.

तिचं लग्न गंगाखेडच्या एका कापड दुकानदाराशी ठरलं. पाहायला आलेला मुलगा एक आणि बोहल्यावर उभा राहिलेला दुसरा, असं कुठेतरी घडल्याचं तिच्या कानावर आलेलं होतं. त्यामुळे लग्नाच्या दिवशी तिने मला कोपऱ्यात घेतलं आणि काम सोपवलं. मुलगा पाहायला आला तेव्हा त्याच्या डाव्या कानाची पाळी जराशी तुटलेली तिने पडद्याआडून टिपून ठेवली होती. "जा, बाशिंगाखालनं बघून ये. तोच हाय का." मी दहाएक वर्षांचा. भर मांडवात नवरदेवाच्या मांडीवर चढलो आणि बाशिंग उचलून कान बघितला. पाहुणे ओरडले, अप्पांचा चेहरा पडला. पण नवरदेव माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सांग तिला, तोच हाय म्हणावं. आन् दुसरा कान पण दाखवतो, पायजे तर." भावजी तिथल्या तिथे मला आवडले. अक्काला ते आवडायला बरीच वर्षं जावी लागली. एवढं गोड बोलणाऱ्या माणसाचं काय खरं, असं तिचं म्हणणं.

ती गंगाखेडला गेली आणि माझ्या वर्षाला एक नवीन काम लागलं. पंचमीला आणि दिवाळीला मी तिचा मुराळी. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. मी दारात दिसलो की अक्का आधी माझ्या मागे बघायची, माझ्याबरोबर कोण आलंय, का आलंय याची चौकशी करायची आणि मग गाठोडं उचलायची. परतीच्या वाटेवर ती मला सासरच्या प्रत्येक माणसाबद्दलचे संशय क्रमाने सांगायची आणि मी हुंकार द्यायचो. लहानपणी त्या हुंकारात खरोखरचं आश्चर्य असायचं. मोठा होत गेलो तशी त्यात जांभई मिसळायला लागली. अक्काला ती ऐकू आली नसेल असं मला वाटायचं.

मी परभणीला हायस्कुलात गेलो, वसतिगृहात राहायला लागलो, तेव्हापासून आमच्यात काहीतरी बदललं. बदललं म्हणजे मी बदललो, ती होती तिथेच होती. एकदा ती आणि भावजी धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन मला भेटायला आले. अक्का सरळ स्वयंपाकघरात गेली, भाताचं शीत बोटाने चेपून बघितलं आणि आचाऱ्याला म्हणाली, "ह्यात काय घालायलास तू? पोरं सुस्तावलेली दिसायलेत." पोरं खिडकीतून बघून हसत होती. एकाने मला विचारलं, "कोण रे ह्या?" मी म्हणालो, "आहेत गावाकडच्या कोणी." अक्का दाराशीच उभी होती. तिने ते ऐकलं. परतताना स्टेशनवर ती भावजींना काय म्हणाली ते त्यांनी मला पुढे सांगितलं. ती म्हणाली, "त्या पोरांनी त्याला दबावात ठेवलंय. उघड बोलू देत न्हाईत बिचाऱ्याला."

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो त्या गोष्टीकडे येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सरकारने धान्याची लेव्ही बसवली. पिकलेल्यातलं ठरावीक धान्य सरकारी भावाने घालावं लागायचं आणि घालून झाल्यावर घरात काय उरतं हे बघायला माणसं यायची. घरोघर धान्य पेवात असायचं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, पोट भलं मोठं. ज्वारी भरायची, वर कडब्याचा थर, माती, शेण, आणि जमीन होती तशी करून टाकायची. त्या वर्षी अप्पांनी आखाड्यात स्वतःच्या हाताने एक नवीन पेव खोदलं. शिवरात्रीला आलेली अक्का त्याचसाठी मागे राहिली. पेव भरण्याची सगळी आखणी तिची. अप्पांचं म्हणणं रात्री भरावं. अक्का म्हणाली, "रात्री आवाज लांब जातो, आन् जागं माणूस ऐकतं. बाजाराच्या दिवशी दुपारी भरू. सगळं गाव चारठाण्याला असतंय." गडी नको, बैलगाडी नको. दुपारभर आम्ही तिघांनीच घरातली ज्वारी टोपल्यांनी वाहिली. अप्पा पेवात, अक्का तोंडाशी, मी वाहतुकीला. मधूनच ती थांबायची, झाडावरच्या कावळ्याकडे बघायची आणि तो उडाला की पुढची टोपली घ्यायची.

संध्याकाळी तिला निघायचं होतं. गाडी जुंपलेली होती, भावजी स्टेशनवर वाट बघणार होते. तोंड बंद करून, सारवून झाल्यावर अक्का मला म्हणाली, "बापू, टोपल्यातनं दाणे सांडलेत तोंडाच्या भवताली. नीट झाडून घे. झाडून झालं की राख टाक. एक दाणा राहता कामा नये." मी वीस वर्षांचा होतो. परभणीहून माझा एक मित्र सायकल घेऊन चारठाण्याच्या बाजारात यायचा होता आणि मला ती चालवून बघायची होती. मी केरसुणी दोनदा इकडेतिकडे फिरवली, पायाने माती सारली आणि हात झटकले. गाडीत बसताना तिने विचारलं, "झाडलंस का?" मी म्हणालो, "झाडलं." लावलेलं कुलूप वेशीपर्यंत गेल्यावर परत येऊन ओढून बघणारी बाई ती. त्या दिवशी खाली उतरून चार पावलं मागे गेली असती तर तिला दिसलं असतं. ती गेली नाही. मी झाडलं म्हणालो होतो.

चैत्रात वळवाचा एक पाऊस पडला. मी तेव्हा परभणीला होतो. अप्पांना आखाड्यात जायचं काही कारण नव्हतं. त्या बाजूला फिरकायचंच नाही असं अक्का बजावून गेली होती. मी ज्या दिवशी घरी आलो त्याच दिवशी लेव्हीची माणसं आली. अप्पा दुकानात त्यांच्या जमादाराला कागद दाखवत होते. त्याची दोन माणसं लोखंडी सळया घेऊन मागे आखाड्यात गेली आणि सरळ त्या जागेवर जाऊन उभी राहिली. त्यांना शोधावं लागलंच नाही. पेवाच्या तोंडाभोवती ज्वारीची कोवळी रोपं उगवली होती, बोटभर उंच, हिरवीगार, बांगडी ठेवावी तशी गोल. अप्पा आणि जमादार मागे येईपर्यंत खणायला सुरुवात झाली होती आणि रोपं ढेकळांखाली गेली होती. जमादाराला अर्थात आपला मोठेपणा दाखवायचा होता. तो मिशीला पीळ देत म्हणाला, "पक्की खबर थी, सेठ. हमसे कुछ छुपता नै."

अप्पांना तालुक्याला नेलं. ते गेल्यावर मी आखाड्यात आलो, ढेकळांतून एकेक रोप उपटून काढलं आणि म्हशीला घातलं. तिने ते मोठ्या आवडीने खाल्लं.

काही दिवसांनी अप्पा सुटून आले ते खोकत आले. लिंगपूजा केली, जेवले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खबर कोणी दिली असंल?" मला तोंड उघडायची ती वेळ होती. मी तोंड उघडलं. मी म्हणालो, "अक्काचा दीर तहसिलीत नकलनवीस हाय." वाक्य खरं होतं. भावजींचा धाकटा भाऊ गंगाखेडच्या तहसिलीत कागदांच्या नकला करायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचं मी काही बोललो नाही. पुढचं अप्पांनी मनातल्या मनात पुरं केलं, आणि त्यांच्या मनातून ते भावकीत कसं गेलं ते मला कळलं नाही, पण आठवड्याच्या आत ते सगळ्या घरांतून फिरून आलं: लेकीने माहेरचं पेव सासरी सांगितलं. खरं म्हणजे काही दिवसांनी मलाही ते खरं वाटायला लागलं. रोपं कोणीतरी आधी बघितली असतील, पण कुठे बघायचं हे कोणीतरी सांगितलंच असेल, असं मी स्वतःला समजावलं. अक्कावर संशय घ्यायला मी अक्काकडूनच शिकलो होतो.

त्या पंचमीला अप्पांनी मुराळी पाठवला नाही. दिवाळीलाही नाही. मी आपणहून निघायला हवं होतं, निघालो नाही. गंगाखेडकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर अक्काचा निरोप यायचा, आणि निरोप एकच असायचा: "बापूला कोणी अडवलंय ते कळवा." भाऊ येत नाही म्हणजे भावाला यायचं नाही, हा साधा अर्थ तिला सुचला नाही. तिने गाडीवानावर संशय घेतला, आमच्या शेजाऱ्यावर घेतला, स्टेशनमास्तरवर घेतला. माझं लग्न झाल्यावर माझ्या बायकोवर घेतला, आणि बायको येण्याच्या आधीही मी आलेलो नव्हतो हे कोणी दाखवून दिलं तेव्हा बायकोच्या माहेरच्यांवर घेतला. पेव कोणी दाखवलं याचा तपास तर ती तिकडे बसून एकटीच करत होती. मी न सांगता तीही दिरापर्यंत पोचली. रोज त्याला जेवायला वाढताना ती विचारायची, "भावजी, लेव्हीवाले तुमच्या कचेरीत बसत्यात का हो?" तो बिचारा शपथा घ्यायचा. शेवटी तो बायकोमुलांना घेऊन वेगळा राहायला गेला आणि दोघा भावांचं बोलणं तुटलं. माझ्या अर्धवट झाडण्याने एक पेव गेलं होतं. माझ्या एका वाक्याने आमचं घर फुटलं, आणि न बोललेल्या वाक्याने तिचं.

पुढे रझाकारांचे दिवस आले. कोण कोणाचा आहे हे कळेना. माणसं दिवसाढवळ्या दारं लावून कुजबुजायला लागली, पाहुण्याला पाणी देण्याआधी तो कुठून आला हे विचारायला लागली, गोड बोलणाऱ्याच्या हाताकडे बघायला लागली. सबंध मुलूखच अक्का झाला. भावजी तेव्हा म्हणायचे म्हणे, "आता हिला कोणी वेडी म्हणत न्हाई. चार लोक सल्ला घ्यायला येत्यात."

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. रस्ते मोकळे झाले. अप्पा तोवर अंथरुणाला खिळले होते. ते अक्काचं नाव घेत नव्हते, पण दाराकडे तोंड करून निजायचे. एका सकाळी मी कोणाला न विचारता निघालो आणि गंगाखेडला तिच्या दारात उभा राहिलो. अक्काने नेहमीप्रमाणे आधी माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलास लय. सोडलं का त्यांनी?"

"कोणी, अक्का?"

"तुला अडवलेलं त्यांनी."

तिला घेऊन परतताना स्टेशनापासून आमच्या गावापर्यंत बैलगाडी होती आणि ती मीच हाकत होतो. ऐकायला तिसरं माणूस नव्हतं. मी सगळं सांगितलं. झाडलं नव्हतं, रोपं उगवली होती, मी ती म्हशीला घातली, अप्पांना तुझ्या दिराचं नाव मी सांगितलं. बैलांच्या पाठीकडे बघतच सांगितलं, मागे वळायची हिंमत नव्हती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "कोणाला वाचवायलास तू?"

"कोणालाच न्हाई. मीच केलं म्हणतोय ना."

"तू असं करणार न्हाईस. तुला कोणीतरी शिकवून पाठवलंय. माज्या दिराकडनं आलास का?"

घरी पोचल्यावर ती अप्पांच्या उशाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि मी तोंड उघडण्याच्या आधी म्हणाली, "अप्पा, बापू काही सांगंल, मनावर घेऊ नका. मन मोठं हाय त्याचं. दुसऱ्याचं अंगावर घ्यायलाय." मी तरीही सांगितलं. अप्पा माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. त्यांनी दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. भावकीतले दोघेचौघे दाराशी उभे होते. त्यांनी जे पाहिलं ते गावभर केलं: बहिणीने घर बुडवलं आणि भावाने तिचा आळ स्वतःवर ओढून घेतला. लोक मला रस्त्यात थांबवून हात जोडायला लागले. त्याआधी अक्कावर नुसता संशय होता. माझ्या कबुलीने तो पक्का झाला. अप्पा मार्गशीर्षात गेले. जाताना त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही.

त्यानंतर दर पंचमीला, दर दिवाळीला मी मुराळी म्हणून गेलो, केस पांढरे झाल्यावरही गेलो. अधूनमधून विषय काढायचो. अक्का जेवायला वाढायची आणि म्हणायची, "अजून त्याच्याच नादी हायस का?" कोणाच्या, म्हणून विचारलं तर म्हणायची, "ते मला कामून इचारतोस?" भावकीतल्या लग्नकार्यात तिला हळदीकुंकू लावताना बायका एकमेकींकडे बघायच्या. अक्काला ते दिसत होतं. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे.

शेवटच्या दुखण्यात तिने औषध घ्यायचं बंद केलं. डॉक्टर कोणाचा आहे हे तिला माहीत नव्हतं. मुलांनी समजावलं, सुनेने आधी स्वतः चमचाभर घेऊन दाखवलं, तरी तोंड उघडेना. मला बोलावून घेतलं. मी चमचा पुढे केला आणि तिने डोळे मिटून औषध घेतलं, बाटलीकडे बघितलंही नाही. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अक्का, ते पेव..."

तिने डोळे उघडले. खोलीच्या दाराशी तिची नातवंडं आणि माझीही दोन नातवंडं जमली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "गप. पोरं ऐकायलेत."

ती गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. त्या तीन शब्दांत काय होतं याचा मी आजवर तपास करतो आहे. तिला कधीपासून माहीत होतं, गाडीत मागे बसून गप्प राहिली तेव्हापासून, की त्याही आधी, हे आता कोणाला विचारू. पण भावकीत अजून ते पेव तिच्याच नावावर आहे, आणि तिच्या नातवंडांना कोणी ना कोणी ते ऐकवतंच. म्हणून हे लिहिलं. दाराशी उभी होती ती पोरं आता मोठी झाली आहेत. त्यांना ऐकू दे.